तीन बोटं

प्रश्नसंचाच्या नव्या कागदाला एक कोरडा, किंचित आंबूस वास असतो. त्या एप्रिलमध्ये आमच्या कोथरूडच्या घरात त्या वासात औषधी तेलाचा उग्र गंध मिसळलेला असे आणि डोक्यावर संथपणे फिरणारा पंखा ते दोन्ही वास खोलीभर सारखे पसरवत राही. खिडकीला ओला पडदा लावलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पलंगावर बाबा डोळे मिटून पडलेले. मी खाली सतरंजीवर बसून रसायनशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवीत असे. पण प्रत्येक प्रश्नानंतर माझी नजर बाबांच्या छातीकडे जाई. ती वरखाली होते आहे ना?

बाबा कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. माझी बारावीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून शांतपणे समजावलं, "त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीत, एवढंच. पण लक्ष ठेवा. गोंधळल्यासारखे वाटले, काही विचित्र करू लागले, तर वाट बघत बसू नका."

आईची रजा संपली आणि ती पुन्हा कार्यालयात जाऊ लागली. दिवसभर घरात मी, बाबा आणि समोर येऊन ठेपलेली प्रवेशपरीक्षा. भीतीलाही ऋतू असतात का? असतील, तर तो माझ्या भीतीचा ऐन उन्हाळा होता. ती दोन्हीकडून तापत होती. परीक्षा हातची गेली तर पुढे काय, ही एक भीती. आणि पुस्तकात डोकं घालून बसलेली असताना बाबांना काही झालं तर, ही दुसरी. एकीकडे पाहिलं की दुसरी मानेवर श्वास टाकू लागे.

तुम्ही असे प्रश्न सोडवले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, की चारांतले तीन चुकीचे पर्याय उगाच मांडलेले नसतात. आपण नेमके कुठे घसरणार हे ओळखणारा कुणीतरी दूर कुठेतरी बसून ते लिहीत असतो. आपण चुकतो, आणि आपली चूक आपल्या आधीच तिथे छापून तयार असते! त्या चार ओळींकडे बघताना मला अनेकदा वाटे, की हा माणूस मला आतून बाहेरून ओळखतो.

एकदा सकाळी डबा भरता भरता आई म्हणाली, "मनातल्या मनात काय पुटपुटतेस? मोठ्यानं वाच. ऐकतील ते. भिंतीला ऐकवण्यापेक्षा बरं."

मी वाचू लागले. पहिल्याच प्रश्नाला बाबांनी डोळे उघडले, डावा हात चादरीवरून उचलला आणि दोन बोटं दाखवली. मी उत्तर ताडून पाहिलं. दुसरा पर्याय बरोबर होता. त्या क्षणाचा आनंद मी कसा सांगू? कित्येक दिवस बंद असलेल्या घराच्या आतून कुणीतरी कडी वाजवावी, तसं झालं. मग तो आमचा परिपाठच पडला. मी वाचायचं, मनाशी उत्तर ठरवायचं, बाबांनी बोटं दाखवायची. पण भीती किती चिवट असते पाहा. हळूहळू प्रत्येक प्रश्न ही माझी नव्हे, बाबांची परीक्षा होऊ लागली. ते चुकले तर? मी अवघड प्रश्न गाळून सोपे तेवढे वाचू लागले.

त्या दुपारी मी असाच एक सोपा वाटलेला प्रश्न वाचला. हायड्रोक्लोरिक आम्लाचं अतिशय विरल द्रावण. त्याची तीव्रता दहाचा उणे आठवा घात. तर पीएच किती? पीएच म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा. सूत्रात घातलं की आठ. पहिलाच पर्याय. पोरखेळ होता तो.

बाबांनी तीन बोटं दाखवली.

मी प्रश्न पुन्हा वाचला, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यांनी पुन्हा तीन बोटं दाखवली. या वेळी हात पुढे रेटून. तिसरा पर्याय सातापेक्षा जेमतेम कमी असा काहीतरी होता. ज्या माणसाने आयुष्यभर हेच शिकवलं त्याला हे येऊ नये? मग त्यांचे ओठ वेडेवाकडे हलले, घशातून घरघर आली आणि तिच्या मागून दोन अक्षरं आली.

"पा... णी."

मी धावत जाऊन पेला आणला. त्यांनी तो डाव्या हाताने ढकलून दिला. पाणी माझ्या कपड्यांवर, सतरंजीवर सांडलं. "पाणी," ते पुन्हा म्हणाले, आणि मी पुन्हा पेला पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली. मागतात आणि घेत नाहीत! मी आईला फोन लावला.

"आई, बाबांना काही कळेनासं झालंय. लवकर ये."

आई आली ती रिक्षा खाली थांबवूनच. आम्ही दोघींनी आधार देऊन त्यांना जिना उतरवला. रिक्षा सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे निघाली. बाबा डावी मूठ आपल्याच गुडघ्यावर आपटत होते आणि मी त्या प्रत्येक आघाताला मनात लक्षण असं नाव देत होते.

डॉक्टरांनी त्यांना हात उचलायला लावला, हसायला लावलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला. मग ते माझ्याकडे वळले.

"नवीन काही झालेलं दिसत नाही. नेमकं काय घडलं?"

"बाबा सोपं उत्तर चुकले. आणि पाणी मागितलं, पण दिलं तर ढकललं."

"कोणतं उत्तर?"

प्रश्नसंच माझ्या हातातच राहिला होता. मी प्रश्न वाचून दाखवला. डॉक्टरांनी हात जोडले. "मला विचारू नकोस. माझं रसायनशास्त्र केव्हाच धुऊन निघालं."

बाबांनी तीन बोटं वर केली. मागच्या बाकावरच्या मठ्ठ मुलीला सांगावं तशा कष्टी संयमाने म्हणाले, "पाणी."

आणि मला कळलं. द्रावणात आम्ल इतकं थोडं होतं, की ज्या पाण्यात ते मिसळलं होतं त्या पाण्याचं स्वतःचं आम्लपणही हिशेबात धरायला हवं होतं. पाण्याला विसरलं तर उत्तर आठ येतं, आणि पीएच सातावर गेला म्हणजे आम्लाचा अल्क, त्याच्या नेमका उलट पदार्थ, होतो. कितीही विरल केलं तरी आम्लाचा अल्क कसा होईल? माझी चूक तिथे पहिल्या क्रमांकावर छापून तयार होती.

"म्हणजे," आई म्हणाली, "गणित तुझं चुकलं, आणि दवाखान्यात यांना आणलं."

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "आधी बोलले होते का काही?"

"नाही," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आजारानंतरचा बाबांचा पहिला शब्द मी ऐकला होता, आणि तरी ऐकला नव्हता. भीतीने माझे कान असे भरून टाकले होते, की शब्दाच्या जागी मला केवळ व्याधी ऐकू आली. आईने बाबांकडे पाहिलं, आणि पदरात तोंड घालून ती तिथेच बाकावर बसली.

मग भीती गेली का? नाही हो. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्यांचा श्वास पाहतच होते. पण अवघड प्रश्न गाळणं मात्र सोडलं. त्यांना सगळीच उत्तरं येत होती असं नाही. काहींना ते डोळे मिटून घेत. ते झोपले आहेत, की त्यांना आठवत नाही, हे मी विचारीत नसे.

माझं केंद्र वारज्यातल्या एका शाळेत होतं. बाबांनी सोबत येण्याचा हट्ट धरला, म्हणून आई त्यांना घेऊन फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिली. सुटल्यावर बाहेर आले तेव्हा झाडाखाली पालकांची दाटी होती आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, कसा गेला पेपर? माझा वाईट गेला होता. पुढे मला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाऐवजी औषधनिर्माणशास्त्र मिळालं, आणि ते मला मानवलंही. पण त्या दुपारी हे कुठे ठाऊक होतं? पाय ओढीत मी रिक्षाशी पोहोचले. आई काही विचारणार तोच बाबांनी तिच्या मनगटावर डावा हात ठेवला. त्यांना तो प्रश्न अजून शब्दांत जुळवता येत नव्हता, की त्यांनी तो मुद्दामच विचारला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि लुळं अंग डाव्या हाताने ओढून घेत ते मला बसायला जागा होईल एवढे बाजूला सरकले.