दोन गोळ्यांचा अंपायर

अपील झालं की सर लगेच बोट वर करत नसत. हात पाठीमागे बांधून आधी गोलंदाजाकडे, मग फलंदाजाकडे बघत आणि म्हणत, “निल्लो तम्मा, थांब बाळा, विचार करू दे.” तुमच्याही वस्तीत असा कुणी असेल, ज्याचा निकाल चुकला तरी भांडण होत नाही.

शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले सर कानडी मुलखातल्या उणकलला आमच्याच गल्लीत राहत. संध्याकाळी रिकाम्या प्लॉटवर पोरांच्या टेनिसबॉल सामन्यात अंपायर होत. माझे वडील दाजीबानपेठेच्या बाजारात हमाल. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तीही फार्मसीला. त्यामुळे गल्लीतली प्रत्येक गोळी माझ्यासमोर येई. मला पुष्कळदा काही कळत नसे.

सरांचं हृदय मधेच बेताल होऊन भलत्या वेगानं धावायचं. असं धावता धावता ते बंदही पडू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी दोन गोळ्या दिल्या, दोन्ही रोज घ्यायच्या. काही दिवसांनी सरांच्या बायकोनं, काकूंनी, मला हाक मारली. “विचार बाई यांना, काय चाललंय ते.”

सर शांतपणे म्हणाले, “एक आठवडा पांढरी, एक आठवडा पिवळी. दोघींना एकदम मैदानात उतरवलं तर कोण चांगली खेळली, कसं कळणार, तंगी?” तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण; सर मला तसंच म्हणत.

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मी अडखळत म्हटलं, “सर, एक ठोक्यांचा वेग आवरते, दुसरी भलते ठोके उठू देत नाही. एकटीनं भागणार नाही, म्हणूनच दोन दिल्यात.”

“दोन्ही घेतल्या की बसल्या जागी डोळे मिटतात गं. पोरं काय म्हणतील?”

“मेलात तर काय म्हणतील?” काकू आतून ओरडल्या.

त्याच आठवड्यात सर खेळपट्टीजवळ कोसळले. दवाखान्यात शॉक देऊन ठोके जागेवर आणावे लागले. घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं.

“दोन्ही घेतल्या तर वाचेन?”

“शक्यता जास्त आहे, सर.”

“आणि ही झोप?”

दवाखान्यात डॉक्टरांनी प्रमाण बदलून पाहिलं होतं. थकवा हटत नव्हता. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. “ती राहील बहुतेक.”

त्यांनी आधी पांढऱ्या गोळीकडे, मग पिवळीकडे पाहिलं. मग म्हणाले, “हो की. घेतो दोन्ही.”

त्यानंतर पोरांनी त्यांच्यासाठी प्लॉटवर प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. सर टोपी घालून येत, बसत आणि दुसऱ्या-तिसऱ्या षटकात त्यांची मान खाली जाई. कॉलेजातून दमून परतताना मी एकदा तिथं थांबले. चेंडू पॅडला लागला. गोलंदाजानं दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. फलंदाजानं खुर्चीकडे पाहिलं आणि स्वतःच बॅट काखेत मारून पाय न वाजवता बाहेर निघाला.

अशा कितीतरी संध्याकाळी सरांना मिळाल्या. एका पहाटे ते झोपेतच गेले.

आता बसमधून उतरलं की त्या प्लॉटवरचा आरडाओरडा थेट थांब्यापर्यंत ऐकू येतो.