धर म्हणाले ते लोखंड

कुऱ्हाडीचं पातं लालभडक झालं होतं आन् माझ्या तळहातावर पिंपळाची पानं दोऱ्यानं बांधून झाली होती, तेव्हाच माझी तान्ही पोर किंचाळायला लागली. आता राहते त्या खोलीखालच्या वेल्डिंगवाल्यानं लोखंड तापवलं की अजून तेच ऐकू येतं मला. पोर नवऱ्याची नाय, असा सासऱ्यानं संशय घेतला होता, म्हणून सायखेड्याकडच्या आमच्या वस्तीत जातीचे पंच बसले होते, आन् ते म्हणाले, तापलेलं पातं हातात धरायचं, हात भाजला नाय तर बाई खरी. भाता नवराच मारत होता. कानाशी येऊन म्हणतो, "धर गं, माझा लय विश्वास हाय तुझ्यावर, नाय भाजणार." तेवढ्यात नणंद पोरीला घेऊन जवळ आली. ती कॉलेजात इतिहास शिकायची. हळूच म्हणाली, "वहिनी, पूर्वी विलायतेत पण असंच लोखंड धरायला लावायचे, जखम चिघळली की गुन्हेगार. मग राजाचे जज गावोगाव फिरायला लागले, आन् पुढं ते बंदच झालं. इथं कोण येणार नाय गं. तूच जा पोलिसात." तिनं पोर माझ्या कडेवर टाकली आन् मी पळत सुटले, पानं हाताला तशीच. पंचांवर केस झाली, मी नाशिक रोडला आले. पण वस्तीत म्हणतात, खरी होती तर पळाली कशाला? नवरा पण आता तेच म्हणतो, पोरीला बघायला येत नाय. कधी कधी वाटतं, खरंच नसता का भाजला हात? तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं हो?