चांगुणाचा डावा डोळा

नांदेडच्या त्या पाठदुखीच्या दवाखान्यात चांगुणाचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं: पेशंटला हलू द्यायचं नाही.

पेशंट टेबलावर पालथा झोपायचा, पोटाखाली उशी घेऊन. त्याच्या भोवती कमानीसारखं वाकलेलं एक्स-रेचं यंत्र असायचं, सी-आर्म. डॉ. विरूपाक्ष पाठीत सुई घालायचे आणि टेक्निशियन आदिनाथला म्हणायचे, ‘‘शॉट.’’ आदिनाथ बटण दाबायचा, पडद्यावर मणके आणि सुई उमटायची. सुई जराशी पुढे, पुन्हा शॉट. एकेका पेशंटला पंधरा, कधी तीस. तेवढा वेळ चांगुणा टेबलाला चिकटून उभी राहायची, एक हात पेशंटच्या खांद्यावर, दुसरा त्याच्या मुठीत. बायका तिचा हात इतका आवळायच्या की बांगडीचा वळ उठायचा. ‘‘झालं बाई, झालंच,’’ एवढंच ती म्हणायची. असं तिनं अकरा वर्षं केलं.

ती मूळची लोह्याजवळच्या एका खेड्यातली. नवरा व्यंकटी नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता, मुलगी रूपाली नर्स होऊन लातूरला लागली होती. चांगुणा सातवी शिकलेली, पण फाईलवरचं नाव, कोणती बाजू, साखर आहे का, सगळं बिनचूक वाचायची. सरांचा तिच्यावर विश्वास होता.

सुरुवातीला ती शिशाचा एप्रन घालायची. गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा, चांगला सहा किलोचा. दिवसाला आठ-दहा पेशंट, म्हणजे चार-पाच तास ते ओझं खांद्यावर. चौथ्या वर्षी तिचीच कंबर धरली. मग चमक डाव्या पायात उतरायला लागली. एक दिवस बादली उचलताना ती खालीच बसली, तेव्हा सर म्हणाले, ‘‘मावशी, घ्या तुम्हीच टेबलावर.’’

रोज जिथं दुसऱ्यांना धरायची, तिथं ती स्वतः पालथी झोपली. सरांनी आधी बधिर केलं, मग सुई घातली. आदिनाथचं बटण टकटक वाजत राहिलं. तिचा हात धरायला कोणी नव्हतं, कारण धरणारी तीच होती. संध्याकाळपर्यंत पाय दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुखणं गेलं.

मात्र एप्रन घातला की कंबर पुन्हा कुरकुरायची. म्हणून तिनं तो घालणं सोडलं. आदिनाथ दोनदा म्हणाला, ‘‘मावशी, घालत जा.’’ तिसऱ्यांदा म्हणाला नाही. सर सुईकडे बघत असायचे.

पुढं सहा-सात वर्षांनी तिला उजेडाचा त्रास व्हायला लागला. दुपारी बसस्टँडवर उभी राहिली की समोर पांढरं धुकं पसरल्यासारखं वाटायचं. एकदा उमरीची पाटी लोह्याची समजून ती त्या गाडीत चढता चढता राहिली. रूपालीला फोनवर सहज सांगितलं, तर तिनं रविवारी लातूरला बोलावून घेतलं आणि सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. शिल्पा मॅडम म्हणून होत्या. वयानं रूपालीपेक्षा थोड्याच मोठ्या.

‘‘वय किती?’’

‘‘चव्वेचाळीस.’’

‘‘शुगर आहे? डोळ्याला कधी मार लागला? गोळ्या चालू आहेत कसल्या?’’

‘‘न्हाई. कंबरेत एक सुई घेतलती, लई वर्षं झाली.’’

‘‘काम काय करता?’’

चांगुणानं सांगितलं. मॅडमचा पेन थांबला.

‘‘शिशाच्या काचेचा चष्मा लावता का तिथं?’’

‘‘मला चष्माच न्हाई.’’

‘‘आणि बॅज? किरणं किती लागली ते मोजायचा?’’

बॅज तिला माहीत होता. सरांचा एक, आदिनाथचा एक. कपडे बदलायच्या खोलीत ते खिळ्याला अडकवलेले असायचे आणि तीन महिन्यांनी पाकिटात घालून तपासायला जायचे. तिच्या नावाचा कधी आलाच नव्हता.

‘‘डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे,’’ मॅडम सावकाश म्हणाल्या. ‘‘भिंगाच्या मागच्या बाजूला. किरणांनी असा होतो. स्टेरॉईडनं होतो, उगाचही होतो. तुमचा कशानं झाला, ते मला नक्की सांगता यायचं नाही. ऑपरेशननं दिसायला लागेल.’’

बाहेर चहाच्या गाड्यावर रूपाली रडायला लागली. चांगुणा तिच्या पापण्या सुजताना बघत राहिली. चहात साखर जास्त झाली आहे, एवढंच तिला जाणवत होतं.

‘‘माय, सोड ते काम.’’

‘‘अन काय करू?’’

‘‘आधी त्या लोकांवर चिड तरी.’’

चांगुणानं आत चाचपून पाहिलं. राग कुठं सापडला नाही. बधिर केलेल्या जागेवर बोट दाबलं की दाबल्याचं कळतं, दुखल्याचं कळत नाही, तसं होतं ते. ‘‘चहा गार होऊन राहिला,’’ ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानं ती कामावर गेली, तेव्हा सरांनी केबिनमध्ये बोलावून तब्येत विचारली. ती उभीच राहिली.

‘‘सर, मला बॅज पाह्यजे.’’

‘‘तुम्हाला नाहीये?’’

‘‘न्हाई.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्यापासून. अकरा वर्षं झाली.’’

सरांनी आदिनाथला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी डावा हात पुढं केला. पहिल्या दोन बोटांची कातडी कोरडी पडून चकाकत होती, नखांवर काळ्या उभ्या रेघा होत्या.

‘‘सुई धरताना हे हात शॉटमध्येच असतात,’’ ते म्हणाले. ‘‘माझा बॅज मी लावायचोच नाही, खिळ्यालाच असायचा. आकडा जास्त आला की पत्र येतं, विचारणा होते, म्हणून. किरणांचं मला माहीत होतं, मावशी. तुम्हाला माहीत नव्हतं.’’

त्यांनी माफी मागितली की नाही, ते तिला नंतर आठवेना. मागितली असावी. ती मान हलवून ‘‘हाव’’ म्हणाली आणि चादरी बदलायला गेली.

त्यानंतर गोष्टी बदलल्या, तशा लगेचच. तिच्या मापाचा हलका एप्रन आला, खांद्यावरचं ओझं निम्मं करणारा. चष्मा आला. टेबलापासून चार पावलांवर शिशाच्या काचेचा पडदा उभा राहिला. आदिनाथ यंत्र कमी किरणांवर लावायला लागला आणि सर एका शॉटमध्ये जास्त काम उरकायला शिकले. तीन महिन्यांनी बॅजचा पहिला कागद आला. तिचं नाव ‘चंगुना’ असं छापून आलं होतं, पुढचा आकडा अगदी बारीक होता.

‘‘चांगलं आलंय,’’ आदिनाथ म्हणाला.

‘‘अन मागचं?’’

‘‘मागचं यात येत नसतंय, मावशी.’’ तो खाली बघून म्हणाला. तिनं कागद घडी करून परत दिला.

त्या दिवशी निलंग्याकडची मल्लम्मा नावाची म्हातारी टेबलावर होती. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारी, घाबरलेली. तिनं चांगुणाचा हात घट्ट धरला.

‘‘शॉट,’’ सर म्हणाले आणि थांबले.

चांगुणानं हात सोडवून घेतला आणि पडद्यामागं गेली. काचेतून तिला दिसलं, मल्लम्माची बोटं चादरीवर इकडंतिकडं फिरत होती. बटण वाजलं. चांगुणा परत येऊन उभी राहिली, हात पुढं केला, म्हातारीनं तो पुन्हा पकडला.

‘‘बाई, कुठं गेली तू?’’

‘‘इथंच हाय मी.’’

‘‘शॉट.’’

ती पुन्हा पडद्यामागं गेली. असं त्या दिवशी सात वेळा झालं. सातव्या वेळी मल्लम्मानं हात शोधला नाही, कमरेखाली बधिर होऊन ती शांत पडून होती. चांगुणा आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि सुई निघाल्यावर तिनं जागेवर कापूस दाबून धरला.