शालिनीकाकूंची हिंदी

सून सुखदाच्या बाळंतपणाला शालिनीकाकू पुण्याहून नोएडाला आल्या, त्या आपल्या हिंदीच्या घमेंडीसकट. सुखदाला दूध कमी येत होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. चार दिवसांनी त्यांनीच फोन करून विचारलं, "दूध उतरा?" हिंदीत याचा अर्थ, यायला लागलं का? पण मराठीत ताप उतरतो तो कमी होऊन. सुनेच्या हातातला स्पीकरवरचा फोन हिसकावून काकू कळवळून म्हणाल्या, "बहोत उतरा, डॉक्टरसाब!"

"बढ़िया! गोली बंद कर दीजिए."

"दूध आटलं सांगितलं, तर बढ़िया म्हणते मेली!" फोन आपटून काकू कडाडल्या. बाळाने भोकाड पसरलं.

सहा वर्षं नोएडात नोकरी करून फर्डी हिंदी बोलणाऱ्या सुखदाला विचारावं, हे मात्र काकूंना सुचलं नाही.