ड्रम मशीन घ्यायला गेलो तेव्हा

दिवसभर कंपनीत स्क्रीनसमोर बसायचं आणि घरी येऊन संगीतही स्क्रीनवरच करायचं, याचा मला वीट आला होता. हिंजवडीतली नोकरी पोटासाठी. इलेक्ट्रॉनिक म्युझिक हेच आपलं खरं काम, असं मी लातूरहून इकडे आलो तेव्हापासून मनाशी धरून होतो. बायको म्हणायची, "घे ना एकदाचं ते डबडं." पण कोणतं डबडं घ्यायचं, इथेच घोडं अडलं होतं. ड्रम मशीनमध्ये ढोल-झांजांचे आवाज ते बनवणाऱ्यांनीच भरून दिलेले असतात. आपण बटणं दाबून ताल रचायचा. सॅम्पलर रिकामा येतो. त्यात तुम्ही जो आवाज भराल तोच वाजणार. मग तो कापा, उलटा करा, हवा तेवढा खालच्या सुरात ओढा. माझा कल ड्रम मशीनकडे होता. आवाज गोळा करत हिंडायला वेळ कुणाला आहे? घर ते ऑफिस या तेवढ्याशा अंतरात माणूस दमून जातो.

हिंजवडीला लागूनच असलेल्या माण गावात आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या इमारतीत भाड्याने राहतो. घरमालकीण काकू खालीच असतात. एकदा त्या जिना चढून आल्या आणि मी समोर असताना बायकोला म्हणाल्या, "पोरी, तुज्या नवऱ्याचं त्ये लई किरकिर करतंया. कानात सुई घातल्यावानी हुतंय. ढमढम चालंल आमाला, पण त्येवढं चीं-चीं बंद कराया सांग."

मला राग आला. माझ्या संगीतात चीं-चीं नव्हतंच. उलट माझी तक्रार होती की वरची बारीक झांज, जिला आम्ही हाय-हॅट म्हणतो, ती उठतच नाही. मी ती दर वेळी थोडी वाढवत होतो. कधी स्पीकरला शिव्या घालत होतो, कधी सॉफ्टवेअरला. हाताने वाजवायचं यंत्र आलं की हे दुखणं मिटेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी आम्ही दोघं पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही यंत्रं टेबलावर मांडली. मी आधी ड्रम मशीन ओढलं. बेस ड्रम दाबला, छाती हलली. स्नेअर, म्हणजे तो तडतडणारा ड्रम, झकास होता. मग हाय-हॅट दाबली. दिवा लागला, आवाज नाही. पुन्हा दाबली. आवाजाचं बटण फिरवलं.

"याची हाय-हॅट बिघडलीय," मी दुकानदाराला म्हणालो. "दुसरा पीस दाखवा." आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मान वर केली तर दुकानदाराने दोन्ही कान झाकले होते. पलीकडे गिटार बघत असलेली मुलगी वैतागून माझ्याकडे वळली होती. बायकोने माझा हात मशीनवरून उचलला, आजारी माणसाचा उचलतात तसा.

"वाजतंय अरे," ती म्हणाली. "केव्हाचं वाजतंय."

परत येताना मी वाटभर तिच्याशी भांडलो. सगळे मिळून माझी चेष्टा करताहेत, इथपर्यंत माझी मजल गेली. तिने फोनवरून कानाच्या डॉक्टरांची वेळ तेवढी घेतली.

डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाल्या. सुरुवातीला मी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, तपासणी थांबलीय. काचेतून पाहिलं तर त्या आवाज सोडतच होत्या. नंतर त्यांनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत नीट चालत आली होती आणि तिथून कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती.

"वरच्या पट्टीतलं जे गेलंय ते परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणखी उतरेल का, तर बहुतेक हो. बोलणं समजायला कानात यंत्र बसवता येईल."

"आणि संगीत?"

"त्याची खोटी आशा मी तुम्हाला देणार नाही."

त्या संध्याकाळी मी माझी सगळ्यात लाडकी रचना लावली आणि बायकोला म्हणालो, आता खरं सांग. ती शेवटपर्यंत बसली. "सुरुवात छान आहे," म्हणाली.

"आणि पुढे?"

"पुढे दुखतं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. एक पाय गेला असता तरी चाललं असतं, असं वाटलं, आणि अजूनही वाटतं. मला एवढी एकच गोष्ट जमत होती, आणि ती कधीपासून जमत नव्हती हेही मला सांगता येत नव्हतं.

शेवटी मी सॅम्पलर घेतला. बुडत्या माणसाचा हिशेब होता तो. ड्रम मशीनमधले आवाज फार तर जरासे हलतात. सॅम्पलरमध्ये मात्र कुठलाही आवाज निम्म्या वेगाने वाजवला की त्याचा सूर एक सप्तक खाली येतो, आणखी निम्मा केला की आणखी खाली. माझे कान वर पोचत नसतील तर आवाजच खाली ओढून आणू, एवढंच डोक्यात होतं.

यंत्र घरी आलं त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही ते गच्चीवर नेलं. समोर काकूंचं उरलेलं भाताचं खाचर, त्यामागे टॉवर आणि क्रेन. काय भरावं ते मला सुचेना.

"रातकिडे भर," बायको म्हणाली. "किती ओरडतायत."

माणमधले रातकिडे या टॉवरांनी संपवले, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये हळहळून बोललो होतो, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांना विचारलं.

"किडं कुटं जात्यात?" त्या म्हणाल्या. "हितंच हायेत. झोपू देत न्हाईत मेले."

मी माइक खाचराकडे धरला. छोट्या पडद्यावर आवाजाची रेघ वरपासून खालपर्यंत भरून गेली. वाजवून पाहिलं तर शांत. बायको मात्र ऐकून मान डोलावत होती. एक सप्तक खाली आणलं, तर लांबवर काहीतरी सळसळल्यासारखं झालं. आणखी एक सप्तक खाली आणलं आणि ते आले. जाड, संथ, एकामागून एक, खाचरभर. लाकडावर कुणीतरी टकटक करावी तसे वाजत होते. लहानपणी ऐकलेल्या रातकिड्यांसारखे अजिबात नव्हते. पण शेकडो होते.

मी यंत्र बंद केलं. खाचर पुन्हा मुकं झालं.

"आत्ताही ओरडतायत?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.