पाव सेकंदाची सूट

पूर्व विदर्भातल्या साऱ्या झाडीपट्टीत घड्याळाशी एकनिष्ठ राहिलेला एकच माणूस आहे, आणि तो माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला आहे. नोकरीतली तीस वर्षं त्यांनी एका बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा लिहिण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर वेळ लिहायला काहीच उरेना, तेव्हा त्यांनी सगळा जीव शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर टाकला. धान निघालं की रिकाम्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून पट भरतात, छकड्याला जुंपलेल्या जोड्या सेकंदांत पार होतात आणि सारं गाव टोप्या उडवतं. आमचे साडू तेवढे टोपी न उडवता विचारतात, "ते ठीक, पण जमीन कोणची?" धानोऱ्याकडच्या मुरमाड पटावरचे नऊ सेकंद आणि ब्रह्मपुरीकडच्या भुसभुशीत बांधीतले नऊ सेकंद जो एकच समजतो, त्याच्याशी ते दिवसभर बोलत नाहीत. मध्यम कुवतीच्या जोडीला त्या मातीत किती वेळ लागावा, ती 'पटाची वेळ'. जोडी तिच्या किती पुढे, किती मागे, एवढंच त्यांच्या वहीत असतं. पैज मात्र त्यांनी आयुष्यात लावली नाही.

ही पटाची वेळ काढायला ते उजाडताच अनवाणी पूर्ण पट चालतात, टाच दाबून ओल बघतात, ढेकूळ फोडून हुंगतात. एकदा पंचांनी त्यांना पूजेला आलेले समजून हातात नारळ दिला. तो काखेत धरून त्यांनी उरलेला पट तपासला. घरीही तेच. पुतणीला बघायला आलेल्या मुलानं पोहे किती वेळात संपवले हे त्यांनी टेबलाखाली घड्याळ धरून मोजलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, पोहे कोरडे होते, पाण्याचा गिलास दूर होता, तेवढी सूट देल्ली. तरी पोरगा सुस्तच आहे." त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, कपाळाला हात लावला. "यायचं लगन घड्याळासंगच लावाचं होतं. मले काऊन आनलं?" लग्न झालं. जावई खरोखरच सुस्त निघाला, पण माणूस लाखात एक आहे.

साडूंचा एक नियम मात्र कडक. जोडी पटाच्या वेळेच्या सेकंदभर मागे पडली की थकलेला बैल त्याच दिवशी पटातून काढायचा. "मालकाले शेवटी समजते, बैलाले आधीच समजून राह्यते," असं ते म्हणायचे, आणि भले भले मालक डोळे पुसत बैल सोडायचे.

गेल्या हंगामात पाळी त्यांच्याच पाखऱ्यावर आली. आई मेलेल्या या वासराला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. शेजाऱ्याच्या तरण्या बैलाच्या जोडीनं पाखऱ्या धावला, भोंग्यावरून वेळ सांगितली गेली आणि साडूंनी वही उघडली. दीड सेकंद मागे!

"दव होतं," ते म्हणाले आणि पाव सेकंद वजा केला. "भोंग्यानं बिचकला," म्हणून आणखी पाव. "वारा समोरून होता."

"मागून होता, भाऊ," मी म्हणालो.

"मंग खालून होता!" ते खेकसले आणि आणखी पाव सेकंद खोडला. पाखऱ्या वाचला. मला हसू आवरेना.

भोवती जमलेल्यांत चामोर्शीकडचा एक म्हातारा होता. साडूंच्या शब्दावर त्यानं वर्षापूर्वी आपला बैल पटातून काढला होता. आता हा सूड घेणार, असं मला वाटलं. तो वाकला, वही बघितली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बरोबर आहे भाऊ. दव होतंच."

माझं हसू तिथंच विरलं. साडूंनी एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, मग पेन काढून तिन्ही सुटींवर काट मारली. "दव नोहोतं गा," ते म्हणाले. "सकाळी मीच पायानं पाह्यलो. जमीन कोरडी ठन होती."

छकड्याचं जू त्यांनी स्वतः उतरवलं. टेम्पो उभा होता, मीही बोलावलं, पण ते म्हणाले, "तू हो पुढं. आमी दोघं पायीच येतो."

या माणसाची मी जन्मभर थट्टा केली; त्या दिवशी त्याच्यावर माझा इतका जीव जडला की मलाही टेम्पोत बसवेना. मी बराच मागून चालत राहिलो. बांधावर हिरवं दिसलं की पाखऱ्या थांबायचा, सावकाश खायचा. साडू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, आणि त्याचं खाऊन झाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत.