बेचाळीस डॉक्टरांच्या मुली

आमच्या वर्गात आम्ही बेचाळीस मुली होतो आणि बेचाळीसही जणींचे वडील डॉक्टर होते. इंग्रजीच्या वहीत तरी. सत्तरच्या दशकातलं सोलापूर, भवानी पेठेजवळची आमची शाळा, आणि तिथला नियम असा की निबंध लिहायचा नसतो, पाठ करायचा असतो. सर फळ्यावर ‘माय फादर’ लिहून देत: वडील डॉक्टर, उंच, गोरे, संध्याकाळी बागेत बसून पेपर वाचणारे. व्याकरणाची एक चूक नाही, दहापैकी सात मार्क हमखास. बाग आमच्यापैकी एकीकडेही नव्हती.

मॅट्रिकच्या वर्षी एका संध्याकाळी मी हाच निबंध मोठ्यांदा घोकत बसले होते. तेवढ्यात वडील कामावरून आले. माढ्याकडची शेती पोटाला पुरेना म्हणून ते इथे यंत्रमागावर लागले होते आणि केसांत कापसाचं पांढरं तूस घेऊनच घरी यायचे.

“काय म्हनतीस गं?” त्यांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डोक्यावरचं तूस झटकलं आणि म्हणाले, “डाक्टर बरा हाय की. मार्क पडतील.”

मला असा संताप आला! त्यांचा नाही, माझाच.

सराव परीक्षेत तो निबंध आलाच. पाठ केलेलं सगळं सोडून मी मला जमेल तसं, तुटक वाक्यांत लिहिलं. माझे वडील चार माग सांभाळतात. मागांच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, पण धागा तुटला की त्यांना लगेच कळतं. ते गोरे नाहीत. क्रियापदांची मी पार वाट लावली होती, हे कबूल.

सरांनी निबंधाला शून्य दिलं. इंग्रजीत एकूण एकतीस, पास व्हायला पस्तीस. सराव परीक्षेत नापास होणारीचा बोर्डाचा फॉर्म शाळा भरून घेत नसे. आणि फॉर्म गेला की मी गेले. काकांनी माढ्यात स्थळ बघूनच ठेवलं होतं.

“डॉक्टरचा निबंध दहा वेळा लिहून आण, चार मार्क वाढवतो,” सर म्हणाले.

“नाही आणणार,” मी म्हणाले.

सरांनी वडिलांना बोलावून घेतलं. ते कामाची पाळी बुडवून, टोपी हातात धरून शिक्षकांच्या खोलीत आले.

“बघा, तुमच्या मुलीनं काय लिहून ठेवलंय!”

“मला वाचता येत न्हाय, सर. तुमीच सांगा की. जरा मोठ्यानं.”

मग सरांना माझं एकेक वाक्य मराठीत ओरडून सांगावं लागलं. खोलीतले बाकीचे शिक्षक चहा पिता पिता थांबले. सगळं ऐकून झाल्यावर वडील म्हणाले, “एक चुकलंय, सर. माग चार व्हते. दिवाळीपास्नं मालकानं सहा दिल्यात. त्याचे मार्क कापा. बाकीचं खरं हाय, त्याचे द्या.”

सहा मागांचं त्यांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं.

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. मग त्यांनी शून्य खोडून चार केले. व्याकरणाचे सहा कापले, आणि ते बरोबरच होतं.

फॉर्म भरायच्या दिवशी सर एकेकीला उभं करून माहिती विचारत होते आणि स्वतःच लिहून घेत होते. वडिलांचा व्यवसाय? माग. माग. हमाली. टांगा. माग. फळ्यावरचे डॉक्टर एकीच्याही घरी निघाले नाहीत. सर मान वर न करता लिहीत होते.

माझं नाव आलं. मी उभी राहिले आणि जरा मोठ्यानंच सांगितलं, “माग, सर. सहा.”